हलक्या द्वि-इंजिनी विमानांचे अपघात : इतिहास व कारणमीमांसा

विमानाचे एक इंजिन बंद पडले तरी दुसरे त्यास सुखरूप विमानतळावर पोहोचविते, हे द्वि-इंजिनी विमानाच्या बाजूने केले जाणारे सर्वांत जुने व वरवर पाहता निरुत्तर करणारे विधान होय. मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. परंतु चार ते दहा आसनांच्या, पिस्टन इंजिनांवर चालणाऱ्या हलक्या विमानांचा अपघात-इतिहास पाहू लागल्यास एक विसंगती नजरेस येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७२ ते १९७६ ह्या पाच वर्षांत इंजिन बंद पडल्यामुळे झालेल्या अशा विमानांच्या अपघातांचा खास अभ्यास करून तो १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. इंजिन बंद पडल्यानंतरचा अपघात प्राणघातक ठरण्याचे प्रमाण एक-इंजिनी विमानांच्या तुलनेने द्वि-इंजिनी विमानांत सुमारे चौपट असल्याचे त्यात दिसून आले.

ह्या आकड्याचा अर्थ लावताना एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. जी द्वि-इंजिनी विमाने एका इंजिनावर उडत जाऊन सुखरूप उतरली, त्यांची गणना अपघातांत होतच नाही. म्हणून ‘दुसरे इंजिन चौपट धोका निर्माण करते’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. निघतो तो एवढाच की, दुसऱ्या इंजिनाचा लाभ जेथे पदरात पडत नाही, तेथे परिणाम असाधारण भीषण होतो. तसे का व्हावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. विमानवर्गाची घडण

दोन इंजिनांचे छोटे विमान ही कल्पना दुसऱ्या महायुद्धापूर्वीची आहे. बीचक्राफ्ट कंपनीच्या ‘मॉडेल १८’ ह्या विमानाचे पहिले उड्डाण १९३७ मध्ये झाले. तथापि उद्योगपती, व्यावसायिक व हौशी वैमानिक ह्यांनी स्वतः चालवावयाचे विमान म्हणून ह्या वर्गाचा प्रसार झाला तो १९५० नंतरच्या दशकात. बीचक्राफ्टचे ‘ट्विन बोनान्झा’, सेस्नाचे ‘३१०’ आणि पायपरचे ‘अपाची’ ही विमाने ह्याच काळातील. रात्रीचा, ढगांतून होणारा व डोंगराळ किंवा जलमय प्रदेशावरील प्रवास ह्यांसाठी दुसरे इंजिन हे एक प्रकारचे विमाकवच मानले जाऊ लागले.

ह्या विश्वासाचे सर्वांत ठळक प्रदर्शन १९५१ मध्ये झाले. ‘एरो कमांडर’ ह्या विमानाच्या निर्मात्यांनी त्याचा एक प्रॉपेलर काढून विमानातच ठेवला आणि केवळ एका इंजिनावर ते ओक्लाहोमाहून वॉशिंग्टनपर्यंत उडवून दाखविले. प्रयोग अस्सल होता. पण त्यातून काय सिद्ध झाले व काय झाले नाही, हे वेगळे करून पाहावे लागते. प्रॉपेलर काढलेला असल्याने बंद इंजिनाच्या बाजूला त्याची ओढ नव्हती. कोणते इंजिन निकामी आहे हे वैमानिकाला उड्डाणापूर्वीच ठाऊक होते. अनपेक्षितपणा, घाई व संभ्रम ह्या तिन्ही गोष्टी प्रयोगातून वगळल्या गेल्या होत्या. आणि अपघात घडतात ते प्रायः ह्या तिन्हींमुळेच.

संभाव्यतेच्या दृष्टीनेही प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. एका इंजिनाच्या बिघाडाची संभाव्यता ‘प’ असेल, तर दोहोंपैकी कोणते तरी एक बिघडण्याची संभाव्यता जवळजवळ ‘२प’ होते. दोन्ही स्वतंत्रपणे एकाच उड्डाणात बिघडण्याची मात्र ‘प’च्या वर्गाइतकी, म्हणजे नगण्य राहते. म्हणजेच द्वि-इंजिनी विमानात संपूर्ण शक्तिलोप दुर्मिळ होतो, पण अर्धवट शक्तिलोप दुप्पट संभवनीय होतो. चार्ल्स लिंडबर्ग ह्यांनी १९२७ च्या अटलांटिक-पार उड्डाणासाठी अनेक इंजिनांऐवजी एकच इंजिन पत्करले, त्यामागे हाच विचार होता. त्यांच्या आदल्या वर्षी रने फाँक ह्यांचे तीन इंजिनांचे, भरमसाट भारलेले विमान न्यूयॉर्कजवळ उड्डाणाच्या प्रयत्नातच कोसळून पेटले होते व दोघे मृत्युमुखी पडले होते. तेव्हा अर्धवट शक्तिलोपाची अवस्था कितपत निभावून नेता येते, ह्यावरच दुसऱ्या इंजिनाचे खरे मोल अवलंबून असते.

२. शक्तीचा हिशेब

अर्धी शक्ती गेली म्हणजे विमानाची अर्धी क्षमता उरली, असे मानणे ही ह्या विषयातील मूलभूत चूक होय. विमान वर चढते ते एकूण शक्तीवर नव्हे, तर समपातळीत उडण्यासाठी लागणारी शक्ती वजा जाता जी शिल्लक उरते तिच्यावर.

उदाहरणादाखल प्रत्येकी २०० अश्वशक्तीची दोन इंजिने असलेले ३,६०० पौंड वजनाचे एक विमान कल्पावे. प्रॉपेलरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास उपयुक्त शक्ती २८० अश्वशक्ती मिळते. चढणीच्या वेगाने समपातळीत उडण्यासाठी १३० अश्वशक्ती लागत असेल, तर १५० शिल्लक राहते. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. त्यावरून चढण्याचा दर मिनिटाला सुमारे १,३७५ फूट येतो. आता एक इंजिन वजा करावे. उपलब्ध शक्ती १४०, गरज १३०, शिल्लक अवघी १०. आणि चढण्याचा दर मिनिटाला सुमारे ९२ फूट. शक्ती निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता पंधराव्या हिश्श्यावर आली. ह्या हिशेबात बंद इंजिनाच्या फिरत्या प्रॉपेलरची ओढ, बाहेर असलेली चाके आणि विमान सरळ ठेवण्यासाठी वळविलेले सुकाणू ह्यांचा अंतर्भाव नाही. ह्यांतील एकेका घटकाने ही तुटपुंजी शिल्लक नाहीशी होऊ शकते.

उंची व तपमान ह्यांचा परिणामही ह्याच शिलकीवर होतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात तपमान ४० अंश सेल्सिअस असताना तेथील हवेची घनता प्रमाण वातावरणातील सुमारे ५,४०० फूट उंचीवरील घनतेइतकी होते. वरील कल्पित विमानाच्या अतिभरणरहित इंजिनांची उपयुक्त शक्ती अशा हवेत २८० वरून २४० च्या आसपास येईल. उलट, विरळ हवेत अधिक प्रत्यक्ष वेगाने उडावे लागत असल्याने गरज १३० वरून १४० पर्यंत वाढेल. दोन्ही इंजिनांवर हे विमान मिनिटाला ९०० फुटांहून अधिक दराने चढेल व वैमानिकाला कसलीही शंका येणार नाही. पण एक इंजिन बंद पडताच उपलब्ध शक्ती १२० व गरज १४० अशी स्थिती होऊन ते मिनिटाला सुमारे १८० फूट खाली येऊ लागेल. यंत्रात दोष नाही, वैमानिकाच्या हातून चूक नाही. तरीही विमान खालीच येणार.

ही गोष्ट नियमकर्त्यांना अज्ञात नव्हती. दीर्घकाळ लागू असलेल्या अमेरिकन नियमांनुसार ६,००० पौंडांपर्यंत वजनाच्या आणि उतरण्याच्या स्थितीत ६१ नॉटपर्यंत स्टॉल-वेग असलेल्या द्वि-इंजिनी विमानाने एका इंजिनावर चढून दाखविलेच पाहिजे, असे बंधन नव्हते. ५,००० फुटांवर त्याचा दर काय येतो ते मोजून नोंदविणे पुरेसे होते, मग तो दर ऋण का असेना. मोठ्या प्रवासी विमानांना मात्र धावपट्टीवरील एका निश्चित वेगानंतर इंजिन बंद पडले तरी उड्डाण पूर्ण करण्याची क्षमता सिद्ध करावी लागते. दोन्ही वर्गांना ‘द्वि-इंजिनी’ हा एकच शब्द लावला जात असल्यामुळे त्यांच्या हमीही सारख्याच असाव्यात असा समज सहज होतो.

३. असंतुलित रेटा

क्षमतेच्या अभावाने विमान हळूहळू खाली येते. प्राणघातक अपघातांत मात्र ते बहुधा उलथून पडते. त्याचे कारण निराळे आहे. हलक्या विमानाची इंजिने सामान्यतः दोन पंखांवर असतात. एक बंद पडताच दुसऱ्याचा रेटा विमानाच्या मध्यरेषेपासून दूर लागू होतो आणि त्यातून विमानाला बंद इंजिनाकडे वळविणारे परिबल निर्माण होते. त्याला विरोध करते ते शेपटावरील सुकाणू. आता, सुकाणूवरील हवेची प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. इंजिनाचा रेटा मात्र वेग घटल्याने कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. म्हणून वेग कमी होत गेल्यास एक बिंदू असा येतो की, सुकाणू संपूर्ण वळवूनही विमान सरळ राहत नाही. ह्या मर्यादेस ‘किमान नियंत्रण वेग’ म्हणतात. वेगदर्शकावर ती तांबड्या रेषेने दाखविलेली असते. आणि एका इंजिनावर सर्वाधिक दराने चढता येण्याचा वेग निळ्या रेषेने.

ह्या मर्यादेखाली विमान वळू लागले की बाहेरच्या पंखाला अधिक वेग व म्हणून अधिक उद्धरण मिळते आणि विमान बंद इंजिनाकडे कलंडते. जमिनीपासून दोन-तीनशे फुटांवर ते पालथे होण्यास काही सेकंद पुरतात. जे चालू इंजिन तारणारे म्हणून बसविले, तेच येथे उलथविणारे ठरते. ह्या क्षणी चालू इंजिनाची शक्ती कमी करणे व नाक खाली करणे हाच उपाय असतो; पण जमीन समोर दिसत असताना तसे करणे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध जाते.

तांबडी रेषा ही स्थिर संख्या नव्हे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. ती ठराविक परिस्थितीत काढलेली असते : विमान चालू इंजिनाच्या बाजूस जास्तीत जास्त पाच अंश कललेले, गुरुत्वमध्य मागील मर्यादेवर, चालू इंजिन पूर्ण शक्तीवर. हा कल पाच अंशांहून जितका कमी, तितका किमान नियंत्रण वेग वाढतो. ही वाढ प्रत्येक अंशामागे सुमारे तीन नॉट असू शकते. म्हणजे पंख समपातळीत ठेवणारा वैमानिक तांबड्या रेषेच्या वर असूनही नियंत्रण गमावू शकतो. शिवाय दोन्ही प्रॉपेलर मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असतील, तर चढणीच्या वेळी प्रत्येकाच्या खाली येणाऱ्या उजव्या पात्याचा रेटा अधिक असतो. त्यामुळे उजव्या इंजिनाचा रेटा मध्यरेषेपासून अधिक दूर पडतो आणि डावे इंजिन बंद पडणे अधिक घातक ठरते. परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे प्रॉपेलर योजून हा भेद पुढे काही विमानांत नाहीसा करण्यात आला.

४. सरावातच ओढवलेले अपघात

ह्या इतिहासातील सर्वांत खेदजनक प्रकरण प्रशिक्षणाचे आहे. १९६३ मध्ये बाजारात आलेले पायपर कंपनीचे ‘ट्विन कोमांची’ हे विमान स्वस्त व काटकसरी असल्यामुळे प्रशिक्षणसंस्थांत लोकप्रिय झाले. ह्याच विमानाच्या वाट्याला १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एका इंजिनावरील सरावातील अपघातांची मालिका आली. प्रशिक्षक एक इंजिन मंद करून किमान नियंत्रण वेगाचे प्रात्यक्षिक दाखवीत असता विमान गिरकीत सापडे.

ह्याची उपपत्ती उंचीच्या परिणामात आहे. अतिभरण नसलेल्या इंजिनाची शक्ती उंचीबरोबर घटते. त्यामुळे असंतुलित रेटा व त्यासोबत किमान नियंत्रण वेगही घटतो. स्टॉल-वेग, म्हणजे ज्याखाली पंखांवरील उद्धरण ढासळते तो दर्शित वेग, मात्र उंचीने बदलत नाही. म्हणून पुरेशा उंचीवर दोन्ही वेग एकत्र येतात आणि दिशानियंत्रण सुटण्यापूर्वीच विमान स्टॉल होते. एका बाजूचे इंजिन जोरात चालू असताना स्टॉल झालेले विमान सरळ खाली न येता गिरकी घेते. आणि गिरकीतून बाहेर येण्याची चाचणी देण्याचे बंधन ह्या वर्गातील विमानांवर नव्हते. हे टाळण्यासाठी प्रात्यक्षिक कमी उंचीवर करावे, तर चूक सावरण्यास हवेत जागा उरत नाही. त्या काळी कमी उंचीवरील सराव रूढ होता, आणि सावरण्याची ही जागाच अनेकांना मिळाली नाही.

पुढे प्रात्यक्षिकाची किमान उंची वाढविण्यात आली, ‘ट्विन कोमांची’साठी अधिक वेगमर्यादा ठरविण्यात आली आणि १९७० मध्ये विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या प्रॉपेलरांची आवृत्ती निघाली. संकटाची तयारी करून घेण्याच्या पद्धतीतच ते संकट उभे राहिले होते, ही गोष्ट प्रशिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनीही लक्षात घेण्यासारखी आहे.

असंतुलित रेट्याचा प्रश्न मुळातूनच सोडविण्याचा प्रयत्न सेस्नाच्या ‘स्कायमास्टर’ विमानात झाला. त्यात एक इंजिन पुढे व दुसरे मागे, दोन्ही मध्यरेषेवर बसविली होती. विमान वळण्याचा धोका गेला. पण त्याबरोबर इंजिन बंद पडल्याची सूचनाही गेली. मागचे इंजिन बंद असल्याचे ध्यानात न येता, किंवा ते ध्यानात येऊनही, केवळ पुढच्या इंजिनावर उड्डाणाचे प्रयत्न झाले. अखेर १९७७ मध्ये अमेरिकन नियामकांना ‘एका इंजिनावर उड्डाण सुरू करू नये’ अशी पाटी विमानात लावण्यास सांगावे लागले. एका दोषावरील उपायातून दुसरा दोष उद्भवल्याचे हे बोलके उदाहरण होय.

५. ओळख व कृती

इंजिन बंद पडल्यावर वैमानिकाने नियंत्रण राखावयाचे, पूर्ण शक्ती द्यावयाची, चाके व फ्लॅप आत घ्यावयाचे, बंद इंजिन ओळखावयाचे, त्याची खातरजमा करावयाची आणि त्याच्या प्रॉपेलरची पाती वाऱ्याला समांतर करावयाची. ही पाती तशी वळविली नाहीत, तर हवेच्या झोताने फिरणारा प्रॉपेलर तबकडीसारखा अडसर बनतो. अनेक हलक्या विमानांत प्रॉपेलरचे फेरे मिनिटाला सुमारे ८०० च्या खाली गेल्यावर एक खीळ आपोआप पडते व मग पाती वळवता येत नाहीत. म्हणजे विलंबालाही मर्यादा आहे.

उलटपक्षी घाई तितकीच घातक. बंद इंजिन ओळखण्याची खूण पायांत असते : विमान सरळ ठेवताना जो पाय मोकळा राहतो, त्या बाजूचे इंजिन बंद. पण ही खूण पाय योग्य पडला तरच उपयोगी. ३० जून २०१९ रोजी टेक्सास राज्यातील ॲडिसन येथे ‘किंग एअर ३५०’ ह्या किंचित मोठ्या, टर्बोप्रॉप विमानाच्या डाव्या इंजिनाचा रेटा उड्डाणानंतर लगेच घटला. उजवा पाय दाबावयाचा असता आरंभी डावा दाबला गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. विमान उलथून एका इमारतीवर आदळले व दहाही जण ठार झाले.

असंतुलन निर्माण होण्यास इंजिन संपूर्ण बंदच पडावे लागते असेही नाही. २८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपर येथे चाचणी-उड्डाणावरील ‘किंग एअर सी-९०’ विमान कोसळून विमानातील चौघे व रस्त्यावरील एक पादचारी असे पाच जण मृत्युमुखी पडले. बिघडत चाललेले हवामान, यंत्राधारित उड्डाणाकडून दृष्टीवर आधारलेल्या उड्डाणाकडे होणारे संक्रमण आणि दोन इंजिनांच्या शक्तीतील तफावतीने आलेला अनपेक्षित कल ह्यांतून वैमानिकांचा दिशाभ्रम होऊन विमान स्टॉल झाल्याचे अधिकृत चौकशीत नमूद झाले.

६. इंजिनाशी असंबद्ध कारणे

अपघातांचा फार मोठा भाग मात्र इंजिनांशी संबंधितच नाही. दुसऱ्या इंजिनाच्या भरवशावर अधिक कठीण हवामानात, रात्री व अधिक दूर जाण्याची प्रवृत्ती वाढते. पण धुके, बर्फ व डोंगर ह्यांवर त्या इंजिनाचा काहीच इलाज चालत नाही. अभिनेते ऑडी मर्फी ह्यांचे ‘एरो कमांडर’ २८ मे १९७१ रोजी व्हर्जिनियातील डोंगरावर खराब हवामानात आदळले. मोटारशर्यतींतील विश्वविजेते ग्रॅहम हिल २९ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वतः चालवीत असलेल्या ‘पायपर ॲझ्टेक’सह लंडननजीक धुक्यात उतरण्याच्या प्रयत्नात पाच सहकाऱ्यांसमवेत मृत्यू पावले. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कात अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सदस्य हेल बॉग्ज व निक बेगिच ह्यांना घेऊन निघालेले ‘सेस्ना ३१०’ बेपत्ता झाले ते आजतागायत सापडले नाही. त्यानंतर अमेरिकेत विमानांवर आपत्कालीन संदेशप्रक्षेपक बसविणे सक्तीचे करण्यात आले.

अतिभाराचे उदाहरण २५ ऑगस्ट २००१ चे आहे. गायिका आलिया व तिचे सहकारी ह्यांना घेऊन बहामा बेटांवरून निघालेले ‘सेस्ना ४०२’ मर्यादेहून शेकडो पौंड अधिक वजनाचे होते व त्याचा गुरुत्वमध्य मागील मर्यादेपलीकडे होता. उड्डाणानंतर लगेच ते कोसळून नऊही जण ठार झाले. दोन इंजिनांची परस्पर-स्वतंत्रता हे गृहीतकही नेहमी टिकत नाही. इंधन, देखभाल आणि चालविण्याची रीत ही दोहोंना समान असतात. ३१ मे २००० रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात व्हायालाकडे जाणाऱ्या ‘पायपर चीफटन’ची दोन्ही इंजिने एकाच उड्डाणात निकामी झाली, विमान रात्री स्पेन्सर आखातात उतरविण्याची पाळी आली व आठही जण दगावले.

७. निष्कर्ष

ह्या विवेचनावरून आरंभीच्या विसंगतीचा उलगडा होतो. एक-इंजिनी विमानाच्या वैमानिकापुढे इंजिन बंद पडल्यावर पर्याय नसतो. तो नाक खाली करतो, वेग राखतो व समोरच्या जागेत उतरतो. विमान मोडते, परंतु ते कमी वेगाने व नियंत्रणाखाली जमिनीला टेकते. म्हणून माणसे बहुधा वाचतात. द्वि-इंजिनी विमानाच्या वैमानिकापुढे पर्याय असतो आणि तो काही क्षणांत निवडावा लागतो. उंची टिकविण्याच्या आशेने तो नाक वर धरून ठेवतो, वेग तांबड्या रेषेखाली जातो व विमान उलथे पडते. पहिल्या प्रकारात शक्ती जाते. दुसऱ्यात शक्ती शिल्लक असताना नियंत्रण जाते.

म्हणून प्रशिक्षणाचा भर आता हा निर्णय उड्डाणापूर्वीच घेऊन ठेवण्यावर असतो. चाके धावपट्टीवर असतील तर दोन्ही इंजिने मंद करून थांबावे. विमान उचलले गेले पण चाके आत गेली नाहीत, किंवा त्या दिवसाच्या वजनात व तपमानात एका इंजिनावर चढता येणारच नाही, तर चालू इंजिनही मंद करून सरळ समोर नियंत्रणाखाली उतरावे. चाके आत, निळ्या रेषेइतका वेग व चढण्याइतकी शिल्लक ह्या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच पुढे जावे. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडण्यासारखे धोक्याचे प्रसंग हवेत न गिरवता जमिनीवरील अनुकारी यंत्रात गिरविण्याची सोयही आज उपलब्ध आहे. धावपट्टीच्या तोंडाशी उभे असताना वजन, उंची व तपमान ह्यांचा हिशेब करून ‘आज हे विमान एका इंजिनावर चढेल काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याने काढून ठेवले आहे, त्याच्यापुरते दुसरे इंजिन खरोखर उपयोगाचे असते.